कोळसा करावा, पण कशाचा?

विदर्भ-मराठवाड्यात कापसाची शेवटची वेचणी उरकली, की शेतोशेती उभी राहिलेली पऱ्हाटी उपटून, तिचे ढीग बांधावर रचून ते पेटवून देण्याचा जो शिरस्ता आहे, तो किती जुना हे सांगणे कठीण असले, तरी त्याचे कारण उघड आहे. पुढच्या हंगामासाठी जमीन मोकळी हवी असते, ते लाकडी खुंट वखराला आणि ट्रॅक्टरला सारखेच आडवे येतात, आणि उसाच्या पाचटाप्रमाणे किंवा गव्हाच्या काडाप्रमाणे पऱ्हाटी काही महिन्यांत निमूटपणे कुजत नाही. त्यात गुलाबी बोंडअळीचे संकट आल्यापासून, उभ्या पऱ्हाटीवर उरलेल्या बोंडांत त्या किडीची पुढची पिढी दडून बसते म्हणून, फरदडीचा मोह टाळून शेत लवकर साफ करावे असा कृषिखात्याचाही आग्रह असतो. म्हणजे शेतकरी काडी लावतो त्यात आळस नाही, नाइलाज आहे. या नाइलाजावर अलीकडे मोठ्या उत्साहाने जो उपाय सुचविला जातो तो असा, की या अवशेषांची राख करण्याऐवजी त्यांचा कोळसा करावा आणि तो जमिनीत मिसळावा. यालाच जैवकोळसा किंवा बायोचार म्हणतात. उपाय चांगला आहे. परंतु चांगल्या उपायाची सरकारी योजना होताना त्याचे काय होते याचा अनुभव आपल्या प्रांतास पुष्कळ असल्यामुळे, हुकूम सुटण्यापूर्वीच चार शब्द बोलून ठेवणे इष्ट वाटते.

कोळसा कसा होतो हे प्रथम पाहू, कारण पुढचे बहुतेक वाद या क्रियेच्या अज्ञानातून उत्पन्न होतात. आपण लाकूड जळते असे म्हणतो, पण जी ज्वाला आपणांस दिसते ती लाकडाची नसून त्यातून बाहेर पडणाऱ्या वायूंची असते. काडी तापू लागली, की शंभर अंशांच्या आसपास तिच्यातील ओलावा निघून जातो. दोनशे-सव्वादोनशे अंशांपुढे हेमिसेल्युलोज हे द्रव्य फुटू लागते, तीनशेच्या वर सेल्युलोजची पाळी येते, आणि झाडाला ताठपणा देणारे लिग्निन मात्र या सर्व पट्ट्यात आणि त्याच्याही पलीकडे संथपणे रूपांतर पावत राहते. या विघटनातून कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन, मिथेन असे ज्वालाग्राही वायू आणि डांबरासारखी द्रव्ये वाफेच्या रूपाने बाहेर पडतात, आणि मागे उरतो तो कर्बाचा काळा सांगाडा. या सांगाड्याला त्यानंतर मुबलक हवा मिळाली, तर तोही जळून पांढरी राख होते. हवा अडविली, तर क्रिया तेथेच थांबते व कोळसा हाती लागतो. म्हणजे राख आणि कोळसा यांत फरक केवळ प्राणवायूचा आहे.

उष्णता किती द्यावी आणि किती वेळ द्यावी यावर पुढचे सारे अवलंबून असते. साडेतीनशे ते सातशे अंशांच्या दरम्यान, सावकाश तापविलेल्या वाळक्या काष्ठाच्या वजनाचा चौथा ते तिसरा हिस्सा कोळशाच्या रूपाने शिल्लक राहतो. तेच काष्ठ बारीक करून काही सेकंदांतच तापविले, तर बहुतेक अंश तेलाच्या रूपाने निघतो व कोळसा अगदी थोडा उरतो. कमी उष्णतेवर कोळसा अधिक मिळतो आणि त्याच्या पृष्ठभागावर अन्नद्रव्ये धरणारे रासायनिक गट शाबूत राहतात. अधिक उष्णतेवर तो कमी मिळतो, पण त्याची सच्छिद्रता व टिकाऊपणा वाढतो आणि त्यातील राखेमुळे तो अधिक विम्लही होतो. तेव्हा बायोचार हे एकच एक द्रव्य आहे असे समजून त्याच्या गोण्या विकणारा मनुष्य गिऱ्हाइकाला अर्धीच हकिकत सांगत असतो.

ही क्रिया साधण्यासाठी कारखानाच हवा असे नाही. हैदराबादच्या कोरडवाहू शेतीच्या केंद्रीय संस्थेने दोनशे लिटरच्या पत्र्याच्या पिंपापासून केलेली साधी भट्टी प्रचारात आणली आहे. आणि २०१४ साली स्वित्झर्लंडमधील इथाका संस्थेत सिद्ध झालेली शंकूच्या आकाराची उघडी भट्टी तर एवढी सुटसुटीत आहे, की तिचे तत्त्व ध्यानात घेऊन नुसता उतरत्या भिंतींचा खड्डा खणला तरी काम भागते. वाळलेल्या पऱ्हाटीचे हातभर तुकडे करून खड्ड्याच्या तळाशी जाळ करावयाचा, तो चांगला पेटला की त्यावर पातळ थर टाकावयाचा, आणि त्या थराच्या काड्यांच्या टोकांवर राखेची पांढुरकी झाक दिसू लागली रे लागली, की दुसरा थर. असे करीत खड्डा भरत आणावयाचा. वरची ज्वाला आत येणारा प्राणवायू स्वतःच खाऊन टाकते आणि खालच्या थरांतून निघणारे वायू जाळून टाकते, त्यामुळे त्या ज्वालेच्या छत्राखाली दबलेल्या काड्यांना जळण्यापुरती हवाच मिळत नाही. भट्टी नीट चालली असेल, तर धूर जवळजवळ दिसत नाही. पांढरा दाट धूर येऊ लागला, तर माल ओला आहे किंवा थर जाड पडला आहे असे समजावे, आणि तेवढा वेळ आपण हवेत मिथेन सोडीत आहोत हेही समजावे. हवामानाच्या हितासाठी म्हणून पेटविलेली भट्टी धुमसत ठेवली, तर हिशेबाची जमेची बाजू तेथेच नाहीशी होते. शेवटी भरपूर पाणी ओतून किंवा मातीने लिंपून ती विझवावी लागते. येथे कंटाळा केला तर सकाळी खड्ड्यात राख सापडते.

चांगल्या कोळशाची पारख करण्यासाठी प्रयोगशाळेत धाव घेण्याचे प्रथमदर्शनी कारण नाही. दोन तुकडे एकमेकांवर आपटले असता खणखणीत आवाज यावा, बोटांनी दाबता तो कोरडा भुगा व्हावा, आणि हात काळे झाले तर साध्या पाण्याने स्वच्छ व्हावेत. हाताला तेलकट चिकटपणा राहिला, साबण लावावा लागला, किंवा तुकड्याचा गाभा तपकिरी निघाला, तर डांबरी द्रव्ये आत राहिली आहेत. असा माल पुन्हा भट्टीत घालावा, शेतात घालू नये. रंग दिलेले, औषध मारलेले लाकूड यात मुळीच घेता कामा नये, कारण त्यातील जड धातू जळत नाहीत, कोळशाबरोबर ते थेट शेतात जातात.

आता गुणांविषयी. झाडाच्या खोडातून पाणी वर चढविणाऱ्या ज्या असंख्य सूक्ष्म नलिका असतात त्यांचा आकार कोळशात जसाच्या तसा राहतो, आणि त्यांच्या भिंतींतही उष्णतेने आणखी बारीक छिद्रे पडतात. उच्च तापमानाला केलेल्या चांगल्या कोळशाच्या एका ग्रॅमचे अंतर्गत पृष्ठफळ दोन-तीनशे चौरस मीटर भरते. म्हणजे चिमूटभर कोळशात दोन-तीन गुंठे जमीन घडी घालून ठेवलेली असते असे म्हटले तरी अतिशयोक्ती होणार नाही. या घड्यांत पाणी थांबते, सूक्ष्मजीवांना आसरा मिळतो, अमोनियम व पोटॅशसारखी अन्नद्रव्ये धरून ठेवली जातात. हलक्या, मुरमाड, बरड जमिनीत, जिथे पाऊस पडला तसा खाली उतरून जातो, तिथे या गुणाचे मोल फार. कोळशातील राखेच्या अंशाने आम्ल जमिनीचा सामू वर सरकतो. आणि सर्वांत महत्त्वाचे, शेणखत दोन-तीन हंगामांत विघटन पावून त्यातील कर्ब बहुतांशी हवेत परत जातो, तर कोळशाच्या वलयाकार रचनेत गुंफलेला कर्ब सूक्ष्मजीवांना सहसा पचत नाही, तो शतकानुशतके जमिनीत राहतो.

शतकानुशतके हा शब्द येथे अलंकार म्हणून आलेला नाही. १५४२ साली फ्रान्सिस्को दे ओरेयाना या स्पॅनिश सरदाराची तुकडी ॲमेझॉन नदीतून समुद्रापर्यंत उतरली, तेव्हा तिच्याबरोबर असलेल्या गास्पार दे कार्वाहाल या धर्मोपदेशकाने नदीच्या दोन्ही तीरांवर दाट वस्तीची गावे पाहिल्याचे लिहून ठेवले. पुढे जाणाऱ्यांना तेथे केवळ अरण्य दिसले, आणि कार्वाहालची गणना थापाड्यांत झाली. वास्तविक त्या प्रदेशातील मूळ जमीन तांबूस, आम्ल, पावसाने निथळून निःसत्त्व झालेली. तीत मोठी लोकवस्ती पोसली जाणे अशक्य, हा तर्क वरकरणी निर्दोष होता. परंतु त्याच अरण्यात जागोजाग काळ्याभोर, कसदार मातीचे तुकडे सापडतात, ज्यांना तेथील लोक ‘तेरा प्रेता’ म्हणजे काळी माती म्हणतात, आणि विम सोम्ब्रूक या डच मृदाशास्त्रज्ञाने १९६६ साली ॲमेझॉनच्या जमिनींवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यानंतर शास्त्रज्ञांचे लक्ष तिकडे विशेष वेधले गेले. त्या मातीत कोळसा आहे, शेकडो वर्षांचा, कित्येक ठिकाणी दोन हजार वर्षांचाही. आणि तो अद्याप कोळसाच आहे.

येथपर्यंतची कथा बायोचारचे सर्व प्रचारक सांगतात. पुढचा भाग मात्र ते घाईने उरकतात. तेरा प्रेतात कोळशाबरोबर माशांची व जनावरांची हाडे आहेत, फुटक्या मडक्यांची खापरे आहेत, राख, विष्ठा, स्वयंपाकघरातील कचरा आहे. पिढ्यान्‌पिढ्या एका जागी नांदलेल्या वस्तीचा सगळा उकिरडा तिच्यात मुरला आहे. कोळशाने जे आले ते धरून ठेवले. पण त्याला धरण्यासाठी कोणी तरी काही तरी दिले होते. रिकामा कोळसा जमिनीत टाकला, तर तो पहिल्या हंगामात पिकाच्या वाट्याचे नत्रच स्वतःकडे ओढून बसतो, आणि शेतकरी म्हणतो, हे काळे काम आमच्या उपयोगाचे नाही. त्याचे म्हणणे त्या हंगामापुरते खरेच असते.

याउलट कोळशाला आधी खाऊ घातले तर काय होते याचा एक दाखला आपल्या शेजारच्या नेपाळातला आहे. तेथे भोपळ्याच्या पिकाला हेक्टरी अवघा पाऊण टन कोळसा, गोमूत्रात मुरवून, मुळांजवळ घातला, तेव्हा नुसत्या गोमूत्राच्या वाफ्यांच्या मानाने सुमारे चौपट उत्पन्न आले. नुसत्या कोळशाच्या मानानेही ते पुष्कळ अधिक होते. २०१५ साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग एका ठिकाणचा व एका पिकाचा आहे, त्यावरून सर्वत्र चौपट पीक येईल असा निष्कर्ष काढणे हास्यास्पद ठरेल. पण ज्या घरी दोन जनावरे आहेत त्या घरी गोमूत्रासाठी दुकानात जावे लागत नाही, ही गोष्ट आपल्या दृष्टीने लहान नव्हे.

या पाऊण टनाचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. पुस्तकी प्रयोगांत कोळशाची मात्रा सर्रास हेक्टरी दहा टन, कधी वीस टनही असते. दहा टनांचा हिशेब आपल्या शेतावर मांडून पाहावा. कापसाच्या एका एकरात साधारणपणे टनभर वाळकी पऱ्हाटी निघते; भट्टी उत्तम चालली, तर तिचा अडीचशे किलोंच्या आसपास कोळसा होतो. हेक्टरी दहा टन म्हणजे एकरी चार टन. म्हणजे एका एकराची पऱ्हाटी त्याच एकराला पुरवावयाची, तर सोळा वर्षांची पऱ्हाटी साठवावी लागेल. ही मात्रा गरीब शेतकऱ्यापुढे ठेवणे म्हणजे त्याला कोळसा विकत घ्यावयास सांगणे होय, आणि त्यातूनच मग गोण्या, वितरक, अनुदान आणि अनुदानाचे दलाल ही सर्व मंडळी क्रमाने उपस्थित होतात. उलट पाऊण टन हेक्टरी म्हणजे एकरी तीनशे किलो. ते एका वर्षाच्या स्वतःच्या पऱ्हाटीतून जवळजवळ भागते. कोळसा घरचा, गोमूत्र घरचे, शेणखत घरचे, आणि सर्व शेतभर न उधळता सरीत वा ओळीत टाकावयाचे. असा बायोचार शेतकऱ्याच्या आवाक्यातला आहे, आणि माझा पाठिंबा आहे तो एवढ्यालाच.

आता जमिनीविषयी. २०१७ साली जगभरच्या प्रयोगांचा तुलनात्मक आढावा घेणारा जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात उष्ण कटिबंधात बायोचारमुळे उत्पन्नात सरासरी सुमारे २५ टक्के वाढ आढळली व समशीतोष्ण प्रदेशांत ती जवळजवळ शून्य निघाली. हा आकडा आपल्याकडे व्याख्यानांतून फार उच्चारला जातो, आणि आपण उष्ण कटिबंधात आहोत एवढ्यावरून तो आपलाच असे गृहीत धरले जाते. परंतु उष्ण कटिबंधातील ज्या जमिनींनी ती सरासरी वर नेली, त्या बहुतांशी आम्ल व निःसत्त्व जमिनी होत. विदर्भ-मराठवाड्यातील भारी काळ्या जमिनीचा सामू आधीच आठाच्या आगेमागे असतो, तीत चुनखडी असते, आणि अन्नद्रव्ये धरण्याची तिच्या चिकणमातीची स्वाभाविक शक्ती एवढी मोठी असते, की कोळशाने तीत घातलेली भर सहज जाणवणार नाही. त्याच कोळशाचा खरा गिऱ्हाईक कोकणातला जांभा आहे, पश्चिम घाटाच्या माथ्यावरची पावसाने निथळलेली तांबडी माती आहे, आणि पठारावरची मुरमाड, हलकी राने आहेत. सारांश, पऱ्हाटी जिथे मुबलक आहे तिथल्या सर्वोत्तम जमिनीला कोळशाची निकड नाही, आणि जिथे निकड आहे तिथे पऱ्हाटी पिकत नाही. हा पेच कोणत्याही परिपत्रकाने सुटणारा नाही. कोकणात आंब्या-काजूची छाटणी, बांबूची कापणी, नारळाच्या करवंट्या यांचा विचार तेथल्या तेथेच करावा लागेल.

कोकणाचा विषय निघाला म्हणून राबाचेही सांगतो. भात-नाचणीची रोपे टाकण्यापूर्वी त्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, झाडाच्या फांद्या व गवत यांचे थर घालून उन्हाळ्याच्या अखेरीस ते भाजण्याची वहिवाट ठाणे-कुलाब्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. जंगलखात्याच्या मते ही निव्वळ नासाडी होती, रयतेच्या मते तो तिचा हक्क होता, आणि हा तंटा एवढा विकोपाला गेला, की १८८५ साली नेमलेल्या मुंबई फॉरेस्ट कमिशनला त्यात लक्ष घालावे लागले. पुढे हिंदुस्थानच्या शेतीची पाहणी करावयास आलेल्या व्होल्कर या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानेही १८९३ सालच्या आपल्या अहवालात राबाची चर्चा केली. राब म्हणजे बायोचार नव्हे. त्यात माल उघड्यावर जळतो, राख अधिक होते, कोळसा थोडा, आणि शेणातले नत्र तर बहुतेक हवेत जाते. पण तणाचे बी मरते, पोटॅश मिळते, आम्लता उतरते, हे त्या रयतेला रसायनशास्त्राचे पुस्तक न वाचता ठाऊक होते. ज्या सरकारने एका काळी राब भाजणाऱ्याला अडाणी ठरविले, त्याच सरकारचे वारसदार उद्या त्याच शेतकऱ्याला भाजलेल्या काष्ठाचे महत्त्व समजावून देण्यासाठी शिबिरे भरविणार असतील, तर त्यांनी निदान सुरुवात त्याला विचारून करावी.

जे कुजते ते जाळू नये, हा या प्रकरणातला माझा मुख्य आग्रह आहे. उसाच्या पाचटाचा कोळसा करण्याची युक्ती पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली, फार पूर्वीच सिद्ध केली आणि त्यासाठी २००२ साली तिला लंडनचे ॲशडेन पारितोषिकही मिळाले. पण तो कोळसा चुलीसाठी होता, सरपणाला पर्याय म्हणून होता, आणि त्या उद्देशाने ते काम निःसंशय मोलाचे होते. शेताचाच विचार करावयाचा, तर हेक्टरी आठ-दहा टन निघणारे पाचट सरीत दाबून कुजविणे हे त्याचा कोळसा करण्यापेक्षा सरस आहे, कारण त्यातील नत्र जमिनीलाच मिळते आणि आच्छादनाने पाणीही वाचते. कडबा गुरांचा आहे, कुटार गुरांचे आहे, शेण खताचे आहे. आणि ज्या पऱ्हाटीला, ज्या तुराटीला आपण बेधडक टाकाऊ म्हणतो, तिच्यावर गावातल्या भूमिहीन घरांच्या चुली पेटतात, ही गोष्ट शहरात बसून टनांचा हिशेब करणाऱ्यांच्या कागदावर कधी येत नाही. त्या घरांना गॅसचे सिलिंडर परवडेपर्यंत पऱ्हाटीवर पहिला हक्क त्यांचा आहे. भट्टीत जावे ते त्यांच्या गरजेपलीकडचे, जे आज बांधावर फुकट जळते तेवढेच.

हल्ली या विषयात एक नवा पक्षकार आला आहे, तो म्हणजे कर्बाचा बाजार. कोळशात तीन-चतुर्थांश कर्ब धरला, तर एक टन कोळसा जमिनीत पुरणे म्हणजे सुमारे पावणेतीन टन कार्बन डायऑक्साइड हवेबाहेर ठेवणे होय, आणि या टनांची प्रमाणपत्रे विकत घेण्यास परदेशी कंपन्या तयार आहेत. २०२५ च्या जानेवारीत गूगलने ‘वराह’ या भारतीय कंपनीशी २०३० पर्यंत एक लाख टनांचा करार केला. त्यासाठीचा कोळसा गुजरातेत माजलेल्या वेड्या बाभळीपासून व्हावयाचा आहे. वेडी बाभूळ कापली गेली तर कोणी अश्रू ढाळणार नाही. पण पऱ्हाटीच्या बाबतीत असे करार आपल्या गावांत येतील, तेव्हा एक गोष्ट कसोशीने पाहिली पाहिजे, की प्रमाणपत्र कोणाच्या नावे निघते आणि त्याच्या किमतीतला हिस्सा माल देणाऱ्या खातेदाराला किती व केव्हा मिळतो, हे मराठीत लिहिलेल्या करारनाम्यात आकड्यांनिशी नमूद आहे की नाही. नुसत्या पऱ्हाटीचा क्विंटलमागे भाव देऊन कर्बाचा हक्क परस्पर लिहून घेणे कायद्यात बसत असेलही. न्यायात बसत नाही.

सरकारला सांगावयाचे ते थोडकेच आहे. २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिका वाटल्या गेल्या आहेत व त्यांवर सामूचा आकडा छापलेला असतो. बायोचारसाठी पैसा खर्चावयाचाच असेल, तर तो आकडा सातांच्या खाली असलेल्या आणि हलकी जमीन असलेल्या खातेदारांपासून सुरुवात करावी, गोणीला अनुदान न देता भट्टीला आणि ती चालविण्याच्या शिक्षणाला द्यावे, आणि तालुकावार टनांचे उद्दिष्ट ठरविण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण उद्दिष्ट ठरले की उद्या उभी झाडे भट्टीत जातील. कोळसा एकदा मातीत मिसळला की परत काढता येत नाही, त्यामुळे येथे चूक दुरुस्त करण्याची मुभा नाही.

शेतकरी वाचकांना एवढीच विनंती, की कोणाच्या सांगण्यावरून सबंध शेत काळे करू नका. एका गुंठ्यात गोमूत्र मुरविलेला कोळसा घाला, शेजारच्या गुंठ्यात तेवढेच गोमूत्र आणि तेवढेच शेणखत कोळशाशिवाय घाला, दोन हंगाम दोन्हींचे उत्पन्न वेगवेगळे तोलून वहीत लिहा; योजनेच्या किंवा कराराच्या कागदावर सही करावयाची की नाही ते त्या आकड्यांवरून ठरवा.